चुनकळीत पाणी घातलं की ते उकळतं कशाने? रिअ‍ॅक्शनमधल्या उष्णतेचा हिशोब

आमच्या आजोळी दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढायचे तेव्हा डिस्टेंपर वगैरे भानगड नव्हती, बाजारातून चुनकळीची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुन्याच्या ढेकळांची, गोणी यायची आणि परसात एका जुन्या पत्र्याच्या पिंपात ती विरवली जायची. मामा पिंपात अर्ध्यापर्यंत पाणी भरायचा, मग फावड्याने एकेक खेप कळ्या सोडायचा. आधी काहीच व्हायचं नाही, नुसते बुडबुडे. मग पांढऱ्या ढेकळांना तडे जायचे, चर्र चर्र आवाज यायचा आणि बघता बघता सगळं पिंप खदखदायला लागायचं, वर वाफेचा लोट, पत्र्याला हात लावायची सोय नाही. खाली चूल नाही, काडी ओढलेली नाही. आजी ओट्यावरून ओरडायची, "लांब व्हा रे पोरांनो, डोळ्यात उडालं तर डोळा जाईल." आणि ते खरंच आहे, ओला चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होते, त्यामुळे हा लेख वाचून कोणी घरी चुना विरवायला जाऊ नका, ते काम सवयीच्या माणसाचं आहे.

मी मामाला विचारलं होतं की आग कुठाय. तो म्हणाला, "आग भट्टीतली आहे गं, कळीत जाऊन बसलेली असते, पाणी लागलं की बाहेर निघते." पुढे केमिस्ट्री शिकले, आता नववी-दहावीच्या पोरांचे क्लास घेते, आणि दरवर्षी उष्मादायी-उष्माग्राही हा धडा आला की मला मामाचं ते वाक्य आठवतं. शाळेत न शिकलेल्या माणसाने सांगितलेलं ते उत्तर जवळजवळ बरोबर आहे. जे थोडं चुकतं ना, ते नेमकं तेच आहे जे पोरं परीक्षेत चुकतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पोरांना विचारा, गॅस जळला की उष्णता कुठून येते. दहातले आठ सांगतात की बॉण्डमध्ये, म्हणजे अणूंना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या बंधात, एनर्जी भरलेली असते, बॉण्ड तुटला की ती बाहेर पडते. ऐकायला एकदम पटतं, फटाका फुटल्यासारखं, नारळ फोडला की पाणी निघाल्यासारखं. पण हे उलटं आहे. बॉण्ड तोडायला एनर्जी घालावी लागते, कायम, कुठलाही बॉण्ड असो. एनर्जी बाहेर पडते ती बॉण्ड जुळताना.

फ्रिजवर लावायचे दोन चुंबक घ्या. चिकटलेले आहेत, त्यांना ओढून वेगळं करायचं तर बोटांना जोर लावावा लागतो की नाही? म्हणजे वेगळं करताना तुम्ही खर्च केला. आता ते जवळ आणा, एका अंतरावर आले की हातातून निसटून टक् करून चिकटतात. तो टक् आवाज, तो बोटाला बसलेला बारीक फटका, ती बाहेर आलेली एनर्जी. अणूंचंही असंच चालतं, फक्त तिथे ओढ चुंबकाची नसते, प्लस-मायनस चार्जची असते, आणि टक् आवाजाच्या ऐवजी आजूबाजूचे रेणू जोरजोरात हलायला लागतात, त्या हलण्यालाच आपण उष्णता म्हणतो.

मग कुठल्याही रिअ‍ॅक्शनमध्ये दोन कामं होतात, जुने बॉण्ड तुटतात त्याला खर्च येतो आणि नवे जुळतात त्यातून जमा होते. जमा जास्त असली तर उरलेलं बाहेर पडतं, भांडं तापतं, ती उष्मादायी. खर्च जास्त असला तर कमी पडलेलं बाहेरून खेचलं जातं, भांडं गार होतं किंवा खालून सतत जाळ द्यावा लागतो, ती उष्माग्राही. किराणा दुकानाच्या वहीत जसा जमा-खर्च असतो तसाच, आणि हा हिशोब आकडे घालून करता येतो हे पोरांना दाखवलं की मग त्यांचे डोळे चमकतात.

गोबर गॅसचं उदाहरण घेऊ, त्यात जळणारा वायू मिथेन, शहरात पाइपने येणाऱ्या गॅसमध्येही मुख्यतः तोच. मिथेनच्या एका रेणूत कार्बनला चार हायड्रोजन चिकटलेले. एक रेणू जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, आणि तयार होतो एक कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी. आकडे मोलच्या हिशोबाने देते. मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं डझन समजा, डझनात १२ तसे मोलमध्ये ६०२ वर २१ शून्यं एवढे नग. कार्बन-हायड्रोजनचा एक मोल बॉण्ड तोडायला साधारण ४१३ किलोज्यूल (हे एनर्जी मोजायचं माप) लागतात, असे चार, झाले १६५२. ऑक्सिजनचा दुहेरी बॉण्ड तोडायला ४९८, असे दोन, ९९६. एकूण खर्च २६४८. आता जमेची बाजू बघा. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजन बॉण्ड जुळला की ७९९ मिळतात, असे दोन, १५९८. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बॉण्ड ४६३, दोन पाण्याचे मिळून चार, १८५२. एकूण जमा ३४५०. वजाबाकी करा, ८०२ किलोज्यूल हातात उरले, आणि ते फक्त १६ ग्रॅम मिथेनमधून. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ३१५ किलोज्यूल लागतात, म्हणजे सगळी आच भांड्याला लागली तर सहा-सात ग्रॅम गॅसमध्ये पाणी उकळेल. प्रत्यक्षात बरीच आच भांड्याच्या कडेने निघून जाते, त्यामुळे जास्त जळतो.

या आकड्यांमध्ये एक गोष्ट आहे जी मला फार आवडते आणि जी बहुतेक ठिकाणी सांगतच नाहीत. ऑक्सिजनचा बॉण्ड दुहेरी असून ४९८ चा आणि कार्बन डायऑक्साइडमधला दुहेरी बॉण्ड ७९९ चा. म्हणजे ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरून असतात पण ती पकड त्या मानाने ढिली आहे, आणि कार्बन किंवा हायड्रोजन मिळाला की ते फार घट्ट धरतात. जळण्यातली ऊब मोठ्या प्रमाणात ऑक्सिजनच्या या ढिल्या पकडीमुळे मिळते. म्हणूनच लाकूड असो, रॉकेल असो, गॅस असो, इंधन किती का वेगळं असेना, १ किलो ऑक्सिजन खर्ची पडला की सुटणारी उष्णता सगळीकडे साधारण १३ मेगाज्यूलच्या, म्हणजे १३ हजार किलोज्यूलच्या, आसपास येते. आगीचा अभ्यास करणारे लोक हेच वापरतात, एखादा सोफा किंवा गादी किती उष्णतेने जळते ते मोजायचं तर धुरात ऑक्सिजन किती कमी झाला ते मोजतात. आपण इंधनात ताकद आहे म्हणतो, पण निम्मा सौदा हवेतल्या पार्टीचा असतो आणि त्याचं नाव कोणी घेत नाही.

आता पोरं हमखास विचारतात, मॅडम एवढा फायद्याचा सौदा आहे तर गॅस आपोआप का पेटत नाही, लायटर कशाला लागतो? प्रश्न अगदी बरोबर आहे. मी त्यांना पुणे-कर्जत रेल्वे दाखवते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, कर्जत ६० च्या आसपास, म्हणजे पुण्याहून कर्जतला जाणं हे एकूण उतरणंच आहे, ५०० मीटर. पण मधे लोणावळा लागतं ६२० वर. म्हणजे खाली जायच्या आधी गाडीला साठेक मीटर वर चढावंच लागतं, ते चढल्याशिवाय बोरघाटाचा उतार सुरूच होत नाही. गॅसचं तसंच आहे, जुने बॉण्ड थोडे तरी ताणले-तुटले पाहिजेत मग पुढचा उतार मिळतो, आणि तो पहिला चढ चढवायला लायटरची ठिणगी. एकदा थोडे रेणू घाट उतरले की त्यांच्या उष्णतेने शेजारचे चढतात, त्यांच्याने त्यांचे शेजारचे, म्हणून एकदा पेटवलं की जळत राहतं. आणि उलट्या दिशेने, कर्जतहून लोणावळ्याला, ५६० मीटर चढ, ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर असा, तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, हे त्या रूटच्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे, कर्जतला गाडी थांबली की वडापाव घेता घेता. ती बँकर लावलेली गाडी म्हणजे उष्माग्राही रिअ‍ॅक्शन, मागून रेटा चालू आहे तोवरच वर जाते. कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, काय करतो तर बोगदा खणतो, डोंगर कमी चढावा लागतो पण पुण्याची आणि कर्जतची उंची तीच राहते, त्यामुळे मिळणारी उष्णता एका ज्यूलने बदलत नाही.

इथेच एक घोळ सोडवून टाकते, किती उष्णता मिळते आणि किती वेगाने मिळते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १ ग्रॅम साखर पूर्ण जळली तर साधारण १६ किलोज्यूल देते, आणि टीएनटी या स्फोटकाचा १ ग्रॅम स्फोटात ४ च्या आसपास. साखर चौपट देते. पण टीएनटी ते सगळं क्षणाच्या बारीक तुकड्यात देऊन टाकतो, हवेतल्या ऑक्सिजनची वाट बघत नाही, आणि आपलं शरीर साखरेतले तेच किलोज्यूल तासभर लावून, पायरी पायरीने काढून घेतं.

आता परत चुन्याकडे.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, कोकणात-गोव्यात शिंपले भाजून चुना करायचे कारण शिंपलाही त्याचाच बनलेला असतो. भट्टीत ती ९०० अंशांच्या आसपास तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे राहते चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. १०० ग्रॅम चुनखडीतून ४४ ग्रॅम वायू जातो, ५६ ग्रॅम कळी उरते, म्हणून भाजलेलं ढेकूळ आकाराला तेवढंच दिसलं तरी हातात घेतल्यावर हलकं लागतं. हे सगळं चढाचं काम आहे. एका मोलला, म्हणजे त्या १०० ग्रॅमला, १७८ किलोज्यूल घालावे लागतात आणि जाळ थांबवला की काम थांबतं. पूर्वी दगड आणि लाकूड-कोळसा यांचे थर लावून भट्टी दिवस-दिवस धुमसत ठेवायचे ते याच्यासाठी. सिमेंटच्या कारखान्यात आजही पहिली मोठी पायरी हीच असते, आणि तिथून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून जास्त भाग कोळशाचा नसून दगडातूनच सुटलेला असतो. तो भाग इंधन बदलून थांबत नाही, हे लोकांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग ते १७८ गेले कुठे? कळी तर भट्टीतून काढून गार झाली, गोणीत भरली, बैलगाडीतून गावात आली, हाताला गारच लागते. मामाच्या म्हणण्याप्रमाणे आग आत जाऊन बसली. बसलेलं असं आत काही नसतं. झालं एवढंच की कार्बन डायऑक्साइडला धरून असलेला कॅल्शियम ऑक्साइड त्याच्यापासून ओढून वेगळा केला गेला, चुंबक ओढून लांब धरावेत तसा. दोन चुंबक लांब ठेवलेत, कुठल्याच चुंबकाच्या पोटात काही शिरलेलं नाही, पण ते परत जुळायला मिळाले तर टक् होणार हे नक्की. कळी त्या अवस्थेत असते, कोणीतरी जुळायला मिळायची वाट बघत. पाणी आलं की तिच्यातला ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन ओढून घेतो, तयार होतो विरी गेलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यात दर मोलला ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. ऐकायला थोडे वाटतात, पण १ किलो चांगली भाजलेली कळी पूर्ण विरली तर हजार-अकराशे किलोज्यूल होतात, त्यात तीन-साडेतीन लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळू शकतं. गोणीभर कळी पिंपात सोडल्यावर पिंप खदखदेल नाहीतर काय होईल. नवीन स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी हात लावून बघा, कोमट लागतो, ती पण पाणी आणि सिमेंट जुळण्याचीच ऊब, आणि हे जुळणं पाण्यावाचून अडू नये म्हणून कारागीर वर आळी करून पाणी भरून ठेवतात.

गार होणारं उदाहरण पाहिजे असेल तर शेतकऱ्याला विचारा. ठिबकमधून सोडायला बादलीत युरिया कालवला की बादली बाहेरून घाम आल्यासारखी ओली होते आणि हात बधिर होईल इतकं पाणी गार पडतं. ५ लिटर पाण्यात १ किलो युरिया विरघळला तर तापमान साधारण १० अंशांनी उतरतं. ही तशी रिअ‍ॅक्शन नव्हे, नुसतं विरघळणं आहे, पण हिशोब तोच, युरियाच्या स्फटिकातले रेणू एकमेकांपासून सोडवायला जो खर्च येतो तो पाण्याशी जुळून पूर्ण भरून निघत नाही, मग कमी पडलेलं पाण्याच्याच उष्णतेतून घेतलं जातं. घरी बघायचं असेल तर खायचा सोडा आणि ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक अ‍ॅसिड, दोन्ही चमचा चमचा वाटीत घेऊन थोडंसं पाणी घाला, फसफसत असतानाच वाटीचा तळ हाताला गार लागतो. हे पोरांच्या हातात देऊन बघा, फसफसतंय म्हणजे तापणार असं सगळ्यांना वाटलेलं असतं आणि मग चेहरे बघण्यासारखे होतात.

यावर एखादं हुशार पोर अडवतं, की चढ आहे तर मग बँकर इंजिनाशिवाय हे आपोआप घडतंच कसं? कारण उतार-चढ ही एकच गोष्ट निसर्ग बघत नाही. पदार्थांची पसरण्याची, मिसळण्याची ओढ पण असते. युरियाच्या दाण्यात रेणू रांगेत बसलेले असतात, पाण्यात गेले की ते सगळीकडे पसरतात. सोड्याच्या प्रयोगात वायू मोकळा सुटतो. ही पसरण्याची ओढ इतकी जोरदार असते की छोटा चढ ती चढवून नेते. भट्टीत पण तेच, ९०० अंशांना कार्बन डायऑक्साइडची मोकळं व्हायची ओढ कॅल्शियमच्या पकडीवर मात करते. या ओढीला एन्ट्रॉपी म्हणतात, तो मोठा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

आता मामाच्या वाक्याचा शेवटचा हिशोब. भट्टीत घातले १७८, पिंपात परत आले ६५. मग ११३ कुठे आहेत? कळी भट्टीत कार्बन डायऑक्साइडपासून वेगळी केली होती आणि पाण्याशी जुळून तिचं निम्मंही देणं फिटलेलं नाही. विरलेला चुना भिंतीला लागला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेतो, पाणी सोडून देतो आणि परत कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे भिंतीवर पुन्हा चुनखडीच तयार होते. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते ना, तीच ही रिअ‍ॅक्शन. आणि तिच्यात दर मोलला बाहेर पडतात ११३ किलोज्यूल. ६५ आणि ११३, १७८. एक ज्यूल इकडेतिकडे नाही.

मी पहिल्यांदा हे तीन आकडे एका ओळीत लिहून बेरीज केली तेव्हा कितीतरी वेळ वहीकडे बघत बसले होते. हे असं जुळतंच, योगायोग नाही. जर्मेन हेस नावाचा शास्त्रज्ञ, जन्म जिनिव्हाचा पण आयुष्य रशियात सेंट पीटर्सबर्गला गेलं, त्याने १८४० मध्ये हे मांडलं, की तुम्ही एका टप्प्यात जा नाहीतर दहा टप्प्यांत, सुरुवात आणि शेवट तेच असेल तर एकूण उष्णता तेवढीच. लोणावळ्यावरून जा की ताम्हिणीवरून, पुणं आणि कोकण आपापल्या उंचीवरच असतात. ऊर्जा नष्ट होत नाही हा नियम सगळीकडे नीट मान्य होण्याच्या आधीची ही गोष्ट आहे, आणि त्याने ती कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्यात, पाण्याचं तापमान मोजत मोजत काढली.

ते ११३ मात्र कोणाला जाणवत नाहीत. पिंपातले ६५ अर्ध्या तासात बाहेर येतात म्हणून हात भाजतो, भिंतीतले ११३ महिने-वर्षं घेतात, इतकं हळूहळू की भिंत गारच लागते. आपल्या कित्येक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचं ते गोल दगडी चाक आणि त्याची चर अजून दिसते, तिथे मळलेला चुना तटाच्या दगडांमध्ये गेला आणि बाहेरून आत असा एकेक पापुद्रा परत दगड होत गेला. जाड भिंतीत हवा आतपर्यंत पोचत नाही. जुन्या बांधकामाची तपासणी करणारे लोक चुन्याचा एक ढेपसा काढून फोडतात आणि ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे न बदललेला चुना लागला की गुलाबी होणाऱ्या द्रावणाचे, थेंब टाकतात. बाहेरचा कडेचा भाग जसाच्या तसा राहतो, तो पुन्हा चुनखडी झालेला असतो. आणि मधला भाग कधी कधी गडद गुलाबी होतो, म्हणजे तिथला चुना अजून चुनाच आहे आणि त्याचे ११३ यायचे बाकी आहेत.